नवजात अर्भकांची कावीळ आणि बिलिरुबिनचे मोजमाप

पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के अर्भकांना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात कावीळ होते. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. मात्र रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य फार वाढल्यास ते मेंदूत शिरते. त्यामुळे बहिरेपणा, हालचालींतील कायमचा दोष किंवा मृत्यूही ओढवू शकतो.

तांबड्या रक्तपेशी नष्ट होताना हिमोग्लोबिनमधील हीम या घटकाचे विघटन होऊन बिलिरुबिन तयार होते. प्रौढांच्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, अर्भकांच्या त्याहून बऱ्याच कमी. त्यामुळे वजनाच्या मानाने अर्भकाच्या शरीरात प्रौढांच्या दुपटीहून अधिक बिलिरुबिन निर्माण होते. त्याचा निचरा करणारे यकृत मात्र पुरेसे परिपक्व झालेले नसते.

रक्ततपासणीतून बिलिरुबिनची पातळी समजते. ती निर्मिती वाढल्यामुळे चढली की निचरा मंदावल्यामुळे, हे केवळ त्या आकड्यावरून कळत नाही. येथे श्वासाची तपासणी उपयोगी पडते. हीमच्या विघटनात बिलिरुबिनच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन मोनॉक्साईडचा एक रेणू तयार होतो व तो फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. नाकपुडीत बारीक नळी ठेवून उच्छ्वासाच्या अखेरीस या वायूचे प्रमाण मोजतात आणि त्यातून सभोवतालच्या हवेतील प्रमाण वजा करतात. उरलेला आकडा मोठा असल्यास रक्तपेशी वेगाने नष्ट होत असल्याचा संशय बळावतो. माता आणि बालकाचे रक्तगट न जुळणे किंवा जी-६-पीडी या विकराची उपजत कमतरता ही त्याची प्रमुख कारणे होत. अशी कमतरता असलेल्या बालकांना कपड्यांत ठेवलेल्या नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्याही अपायकारक ठरतात.

ही चाचणी रक्ततपासणीला पूरक आहे, पर्याय नव्हे. उपचाराचा निर्णय बिलिरुबिनची पातळी, बालकाचे वय तासांमध्ये आणि गर्भकाळ पाहून घेतला जातो. निळ्या प्रकाशाखाली ठेवल्यास बिलिरुबिनचे सहज उत्सर्जित होणाऱ्या रूपात परिवर्तन होते. ही उपचारपद्धती इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील डॉक्टरांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. पातळी धोकादायक झाल्यास रक्तबदल करावा लागतो.

सावळ्या त्वचेवर पिवळेपणा चटकन लक्षात येत नाही. कोवळे ऊन हा उपचाराचा पर्याय नाही. पहिल्या २४ तासांत कावीळ दिसल्यास, बाळ सुस्त झाल्यास किंवा दूध पिईनासे झाल्यास पालकांनी त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.