फ्लॅक जॅकेट
फ्लॅक जॅकेट : तोफगोळ्यांच्या उडत्या तुकड्यांपासून सैनिकाची छाती व पाठ यांचे रक्षण करणारे बिनबाह्यांचे चिलखत. बंदुकांचा मारा प्रभावी झाल्यावर युरोपीय पायदळातून चिलखत मागे पडले. पहिल्या महायुद्धात ते मुख्यतः पोलादी टोपाच्या रूपाने परतले (→ शिरस्त्राण). दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आठव्या वायुसेनेतील वैद्यकीय अधिकारी माल्कम ग्रो यांना बाँबफेकी विमानांतील जखमींच्या नोंदींवरून बहुतेक जखमा कमी वेगाच्या तुकड्यांनी होतात, असे आढळले. त्यांच्या सूचनेवरून १९४२ मध्ये विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने पहिली जॅकेटे बनविली. मँगॅनीज पोलादाचे सुमारे ५ सेंमी. चौरस पत्रे एकमेकांवर थोडे चढवून कॅनव्हासमध्ये शिवलेले असत. वजन सुमारे ८ किग्रॅ. भरे, विमानातून उडी घेताना जॅकेट एका झटक्यात गळून पडावे, अशी बंदांची सोय होती. कोरियन युद्धात पायदळाला नायलॉनचे हलके जॅकेट मिळाले. केव्हलार तंतूचे चिलखत (→ कृत्रिम तंतू) अमेरिकी भूसेनेत १९८० च्या दशकात आले. तरीही रायफलीची थेट गोळी अडविण्यास त्याला सिरॅमिक पट्ट्यांची जोड लागते.