पोप फ्रान्सिस यांचे मानचिन्ह

पोप फ्रान्सिस यांचे मानचिन्ह त्यांनी २०१३ मध्ये पोपपद स्वीकारल्यावर जाहीर झाले. अर्जेंटिनात बिशप असतानाच्या ढालीची मूळ रचना त्यांनी कायम ठेवली. ढालीमागे सोनेरी व रुपेरी किल्ल्या आहेत. वर पोपच्या पारंपरिक त्रिस्तर मुकुटाऐवजी, बेनेडिक्ट सोळावे यांच्या चिन्हाप्रमाणेच, बिशपचे साधे शिरोभूषण आहे.

निळ्या ढालीवर वरच्या बाजूस सोनेरी सूर्य असून त्यात येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे, क्रूस व तीन खिळे आहेत. हे जेझुइट संघाचे चिन्ह असून जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरही ते कोरलेले आहे. खालचा तारा मरीयेचा. तो प्रथम पाच टोकांचा होता, नंतर आठ टोकांचा झाला.

ताऱ्याशेजारची डहाळी वरवर पाहता द्राक्षांचा घोस वाटते आणि मग तिचा संबंध प्रभुभोजनातील द्राक्षरसाशी जोडला जातो. वस्तुतः ती नार्दची फुले असून मरीयेचे पती संत योसेफ यांची खूण आहेत. हे ध्यानी न घेतल्यास येशू, मरीया व योसेफ या पवित्र कुटुंबाची मांडणीच नजरेआड होते. बायबलमधील नार्द म्हणजे हिमालयातील जटामांसी, असे सामान्यतः मानले जाते; स्पॅनिश भाषेत मात्र ‘नार्दो’ हा शब्द निशिगंधासाठीही रूढ आहे.