पेडगाव कुठे सापडेल?

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण वर्गात शिकवतो. पेडगाव हा शब्द यादीत कुठे शोधायचा, हे मात्र कुणाला शिकवावे लागत नाही. 'प'ची पाने काढायची, 'पू' मागे टाकायचा, 'पै' दिसला तर थोडे मागे यायचे. शब्दांच्या याद्या पूर्वीपासून अशाच असणार, असे आपल्याला वाटते.

त्या तशा नव्हत्या. अमरकोशात शब्द विषयवार आहेत: स्वर्ग, काल, भूमी, वनौषधी असे वर्ग. शिवकाळातला रघुनाथ पंडितांचा राजव्यवहारकोशही विषयवार आणि पद्यात आहे. असे कोश पाठ करायचे असत. पाने चाळून शब्द शोधण्याचा प्रश्न फारसा येत नसे. मेदिनीकोशाने तर शब्द शेवटच्या व्यंजनाप्रमाणे लावले. यमक जुळवणाऱ्याला ते सोयीचेच! पण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द सुमारे ६०,००० झाले. एवढे कोण पाठ करणार? इथे वर्णक्रमावाचून गत्यंतर नव्हते.

या क्रमाचा एक गुण सहसा लक्षात येत नाही. एकाच आद्याक्षरांचे सगळे शब्द सलग येतात. परभणी जिल्ह्याचे नऊ तालुके घेऊ आणि त्यांत परभणी तालुक्यातले पेडगाव मिसळू: गंगाखेड, जिंतूर, परभणी, पाथरी, पालम, पूर्णा, पेडगाव, मानवत, सेलू, सोनपेठ. 'प'ची नावे हवी असतील तर दहाही नावे वाचायची गरज नाही. 'प'पासून पुढचे पहिले नाव तिसरे आहे, 'फ'पासून पुढचे पहिले नाव (मानवत) आठवे आहे. आठातून तीन गेले, पाच उरले. 'प'ची नावे पाच, आणि ती कुठून कुठवर हेही कळले. 'पेड'ने सुरू होणारे शब्द हवेत? मग सीमा 'पेड' आणि 'पेढ'. म्हणजे शोधायच्या त्या दोन सीमा, मधले शब्द नव्हेत.

सीमा शोधायची रीत कोश उघडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहे: मधोमध पाहा, निम्मी यादी सोडून द्या, उरलेलीच्या मधोमध पाहा. २ चा सोळावा घात ६५,५३६ होतो. तेव्हा ६०,००० शब्दांत एक सीमा सोळा तुलनांत सापडते, दोन्ही मिळून बत्तीस. संगणकासाठी ही रीत जॉन मॉक्ली यांनी १९४६ सालच्या व्याख्यानांत मांडली. कितीही लांबीच्या यादीला चालेल असे रूप छापून यायला १९६० साल उजाडले; ते डी. एच. लेमर यांचे. इतक्या सोप्या रीतीला चौदा वर्षे! आणि पुढेही ती दगा देतच राहिली. जावा भाषेबरोबर मिळणाऱ्या याच आज्ञावलीत दोन टोकांची बेरीज करून निम्मी केली जाई. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज संगणकाच्या आकड्यात मावेना. ही चूक २००६ साली उघड झाली.

या रीतीची एक अट आहे: यादी ज्या क्रमाने लावली, त्याच क्रमाने शोधली पाहिजे. मराठीत अडते ते इथेच.

शाळेत आपण '...श ष स ह ळ क्ष ज्ञ' असे म्हणवून घेतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाणित झालेल्या इस्की संकेतात आणि युनिकोडमध्ये 'ळ'चा क्रमांक 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी आहे. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच तक्ता लावल्यामुळे हे झाले. आता समजा, एखाद्या लेखनिकाने शाळेच्या वर्णमालेप्रमाणे यादी केली: काल, कावळा, काहूर, काळजी. यंत्राला 'काळजी' शोधायला सांगितले. ते मधे 'कावळा' पाहते. त्याच्या हिशेबी 'ळ' 'व'च्या आधी, म्हणून ते उजवीकडची निम्मी यादी सोडून डावीकडे जाते. तिथे फक्त 'काल' आहे. उत्तर येते: शब्द नाही. शब्दाच्या जागी मुलांच्या नावांची यादी असेल आणि आडनाव काळे असेल, तर हे प्रकरण गमतीचे राहत नाही.

'क्ष' आणि 'ज्ञ' यांची गोष्ट निराळी. संकेतांत त्यांना स्वतंत्र क्रमांक नाही. ती क्+ष आणि ज्+ञ अशी साठवली जातात. त्यामुळे 'क'ने सुरू होणारे शब्द मागितले की 'क्षमा'ही येते, 'ज' मागितला की 'ज्ञान'ही. हे चूक म्हणावे का? व्याकरणाच्या दृष्टीने आम्हाला ते बरोबरच वाटते. पहिलीच्या मुलाला वाटणार नाही.

उपाय कठीण नाही. तुलना करण्यापूर्वी प्रत्येक अक्षराला मराठी वर्णमालेतला क्रमांक द्यायचा आणि यादी लावताना व शोधताना तेच क्रमांक वापरायचे. अनुस्वाराबद्दलही आधी ठरवावे लागते, कारण बाराखडीत 'कं' 'कौ'नंतर येतो, तर युनिकोडमध्ये अनुस्वार 'अ'च्याही आधी आहे.

वरचे चार शब्द उलटसुलट टंकून शाळेतल्या संगणकाला क्रमाने लावायला सांगावे आणि 'काळजी' कुठे बसते ते मुलांना पाहू द्यावे. वेगवेगळ्या आज्ञावलींत उत्तर वेगळे येऊ शकते.