सात मिनिटांच्या चित्रपटाचा मान



माढेश्वरीचे देऊळ कुणी बांधले, असे माढ्यात कुणालाही विचारा. जाणती माणसे लगेच रावरंभा निंबाळकरांचे नाव सांगतील. शतके उलटली, पण नाव पुसले गेले नाही. दगडात केलेल्या कामाचे हे एक बरे असते. गाण्याचे तसे नाही. गाणे लोकांच्या तोंडी बसले की करणाऱ्याचे नाव हळूच गळून पडते. अशाच एका गाण्याची आणि ते ज्यात आले त्या चित्रपटाची हकिकत आज सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माढ्यातल्या एका शाळेत पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम होता आणि कोण काय म्हणणार याच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. पाचवीच्या मुली एक हिंदी समूहगीत म्हणणार होत्या. रंग वेगळे, वेष वेगळे, भाषा वेगळ्या, तरी या देशाची माणसे एकच, असा त्याचा आशय. मला स्वतःला ते गाणे तोंडपाठ. पण कवीचे नाव? मी बेलाशक लिहून टाकले, ‘कवी अज्ञात’. चिठ्ठी वाचून एक मुलगी म्हणाली, “सर, अज्ञात म्हणजे कुणालाच माहीत नाही, की फक्त आपल्याला माहीत नाही?”

मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरापर्यंत आला. शोध घेतला तेव्हा कळले की कवी मुळीच अज्ञात नव्हता. अज्ञान माझेच होते.

हे गाणे घराघरांत गेले ते ‘एक अनेक और एकता’ या छोट्या चित्रपटामुळे. साल १९७४. चित्रपट फिल्म्स डिव्हिजनचा, लांबी अवघी सात मिनिटांच्या आसपास, आणि सारा खेळ हाताने काढलेल्या चित्रांचा. म्हणजे आपण ज्याला कार्टून म्हणतो तो प्रकार. धाकटा भाऊ ताईला विचारतो, एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय? ताई त्याला सूर्य, चंद्र, तारे दाखवते; खारी आणि फुलपाखरे दाखवते. मग पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या पाखरांची जुनी गोष्ट येते. सगळी पाखरे एका दमात उडतात, जाळेच घेऊन जातात आणि उंदीर ते जाळे कुरतडतात. गोष्ट संपते तेव्हा मुलांच्या लक्षात येते, की हात पोचत नाही त्या झाडावरचे आंबेसुद्धा एकजुटीने काढता येतील! सात मिनिटांत अंकगणितही झाले आणि नागरिकशास्त्रही.

सात मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. पण चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. त्या हिशेबाने सात मिनिटांच्या दहा हजारांवर चौकटी होतात. एकेक चित्र दोन-दोन चौकटींसाठी वापरले, तरी हजारो चित्रांचा मामला!

ही विद्या आपल्याकडे अगदीच परकी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच आगकाड्यांना पडद्यावर नाचवले होते. १९३४ मध्ये प्रभातने ‘जंबूकाका’ काढला. पुढे १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेच्या कलागृहातले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार झाले. १९६१ मध्ये तिथे दाखल झालेले भीमसेन हे त्याच वाटेवरचे. त्यांच्या ‘द क्लाइंब’ या लघुपटाला शिकागोच्या महोत्सवात रौप्य पारितोषिक मिळाले. ‘एक अनेक’ची चित्रे हलली ती याच भीमसेन यांच्या हातांनी.

मूळ कल्पना आणि लेखन मात्र विजया मुळे यांचे. १९२१ साली मुंबईत जन्मलेली ही मराठी बाई लग्नानंतर पाटण्याला गेली आणि तिथे चित्रपटांच्या नादाला लागली. ‘नाद’ हा शब्द मी कौतुकाने वापरतो आहे. पाटण्याची फिल्म सोसायटी, मग दिल्लीची, आणि १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली निघालेला फिल्म सोसायट्यांचा महासंघ, या साऱ्यांच्या उभारणीत त्या होत्या. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा प्रयोग झाला. आपल्या शेजारचे विजापूर, गुलबर्गा हे जिल्हे त्यात होते. खेड्यातल्या मुलांसाठी शैक्षणिक चित्रपट करण्याचे काम तेव्हा विजयाबाईंच्या देखरेखीखाली चालले होते.

संगीत वसंत देसाई यांचे. सावंतवाडी संस्थानातल्या सोनवडे गावी १९१२ साली जन्मलेले वसंतराव प्रभातच्या उमेदवारीतून घडले. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. तिचे संगीत त्यांचेच. बर्लिनमध्ये गौरव झालेल्या ‘दो आँखें बारह हाथ’चेही त्यांचेच. त्यातली प्रार्थना आणि ‘गुड्डी’तली प्रार्थना या दोन्ही शाळांच्या पटांगणावर गेल्या. त्यांच्या पाठोपाठ हे तिसरे गाणेही तिथेच गेले. पोरांच्या गळ्याला सहज पेलेल अशी चाल बांधणे फार अवघड, आणि वसंतरावांना ते साधले होते. १९७५ च्या डिसेंबरात अपघाताने त्यांचे निधन झाले. चित्रपटातल्या बालगळ्यांत दाभोळची एक चिमुरडी होती. तिला आपण आज साधना सरगम म्हणून ओळखतो.

आणि तो ‘अज्ञात’ कवी? त्यांचे नाव पंडित विनयचंद्र मौद्गल्य. १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे संगीतज्ञ. ज्या पलुस्कर परंपरेचे ते पाईक, तिचे मूळपुरुष पंडित विष्णु दिगंबर आपल्या कुरुंदवाडचे. म्हणजे दिल्लीतल्या या गाण्याची पाळेमुळे पुन्हा कृष्णाकाठी येऊन पोचतात!

आता मानाचे सांगतो. या चित्रपटाला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोठाच मान तो. परंतु असा मान चित्रपटाच्या नावे असतो. पदक हाती पडते ते निर्माता-दिग्दर्शकांच्या. कवी, संगीतकार, चित्रे रंगवणारे आणि कोरसातली पोरे यांच्या वाट्याला ते येतेच असे नाही. विजयाबाईंना पुढे २००२ साली मुंबईच्या महोत्सवात व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये भीमसेन गेले, २०१९ मध्ये विजयाबाई.

दुसरा मान मिळाला तो दूरदर्शनमुळे. ऐंशीच्या दशकात सहक्षेपण केंद्रे वाढली, गावात चार-दोन संच आले आणि ज्यांच्या घरी संच नव्हता ती पोरे शेजाऱ्याच्या दारात उभी राहून हा चित्रपट पाहू लागली. वर्तमानपत्रात न छापलेला आणि कोणत्याही परीक्षक मंडळाने न दिलेला असा हा मान आहे. एक अख्खी पिढी ते गाणे अजून न अडखळता म्हणते. कित्येक जण म्हणतील, कलावंताला याहून जास्त काय हवे? नाव राहिले काय अन् गेले काय, सारखेच!

मला हे पटत नाही. ‘लोकांचे झाले’ असे म्हणणे आपल्याला सोयीचे असते, कारण मग शोधायचे कष्ट वाचतात. ओवी कुणाची, जात्यावरच्या गाण्यातली पहिली ओळ कुणा बाईची, हे आता खरेच कळणार नाही. तिथे अज्ञात हा शब्द प्रामाणिक आहे. पण जे काल-परवा आपल्यात वावरत होते, ज्यांची नावे श्रेयनामावलीत धडधडीत लिहिलेली आहेत, त्यांना अज्ञात म्हणणे हा आळस झाला. आणि एकजूट शिकवणाऱ्या चित्रपटाच्या बाबतीत तर तो अधिकच खटकतो. कारण तो चित्रपट स्वतःच एकजुटीने झालेला आहे. पाटण्याला घडलेली मराठी लेखिका, फाळणीपूर्व मुलतानात जन्मलेला चित्रकार, कोकणातला संगीतकार, दिल्लीचा गवई! यातला एक जरी नसता, तरी जाळे उचलले गेले नसते.

पुढच्या पंधरा ऑगस्टला त्याच शाळेत ते गाणे पुन्हा झाले. या खेपेला चिठ्ठी मी नीट लिहिली. कवी, संगीतकार, मूळ चित्रपट, लेखिका, चित्रकार, साल, सारे काही. चिठ्ठी चांगली लांबली. ती वाचायचे काम त्याच मुलीकडे दिले होते. ‘मौद्गल्य’ या नावाशी ती एकदा अडखळली, थांबली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सबंध नाव सावकाश वाचले.