कृपा आणि मजुरी

दिवाळी जवळ आली की महापालिकांच्या कामगारांत एका रकमेची चर्चा सुरू होते. सरकारी कागदावर तिचे नाव ‘सानुग्रह अनुदान’ असे असते. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपेने दिलेले. कामगार संघटनेच्या कामात माझी तीस वर्षे गेली, आणि या शब्दाशी माझे भांडणही तितकेच जुने आहे. घाम गाळणाऱ्याच्या हातावर जे पडते ते त्याचे देणे की देणाऱ्याची कृपा, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु एका मोठ्या धर्मग्रंथाने तो विचारलेला आहे, आणि त्या ग्रंथाचे नित्य वाचन करणाऱ्या इंग्लंडातील काही शेतमजुरांनी त्याचे उत्तर स्वतःच्या आयुष्याने दिलेले आहे. त्यांची हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. मी ख्रिस्ती नाही, आणि धर्मशास्त्राचा पंडित तर नाहीच. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात झाले. तेव्हा श्रोत्यांनी शास्त्रार्थाची अपेक्षा करू नये, इतिहास तेवढा ऐकावा.

ख्रिस्ती धर्मविचारात ‘कृपा’ हा मध्यवर्ती शब्द आहे, आणि मराठी बायबलातही हाच शब्द योजला आहे. माणसाची लायकी न पाहता, त्याने काही कमावण्याच्या आधीच, देवाने त्याला दिलेले प्रेम आणि क्षमा असा त्याचा अर्थ. पुण्याच्या राशी घालून ती विकत मिळत नाही. विश्वासाने हात पुढे करावा आणि घ्यावी. संतांच्या मराठीत वाढलेल्या आपल्या कानांना हे परके वाटू नये.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असता नाक्यावर रिकामे उभे असलेल्यांनाही बोलावतो. कोणी कामावर लावले नाही म्हणून ते उभे होते. संध्याकाळी तो सर्वांना एकेक दीनार देतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात, आणि कोणताही युनियनवाला त्यांच्याच बाजूने उभा राहील! पण ही गोष्ट मजुरीच्या दराची नाहीच. देवाचे देणे तासांवर मोजले जात नाही, एवढेच ती सांगते. मजुरीबद्दल याच ग्रंथाची भाषा अगदी वेगळी आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की, काम करणाऱ्याची मजुरी कृपा म्हणून धरली जात नाही, ती ऋण म्हणून धरली जाते. पौलाला तेथे मजुरीचा कायदा सांगायचा नव्हता. कृपा म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्याने तो दाखला घेतला. तथापि दाखला म्हणून घेतला याचाच अर्थ असा की, मजुरी हे देणे आहे याविषयी त्याला शंका नव्हती. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच आक्रोश करते, आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो. म्हणजे कृपेचे खाते वेगळे आणि मजुरीचे खाते वेगळे. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

आता अठराव्या शतकातील इंग्लंडात जाऊ. जॉन वेस्ली (1703-1791) हा इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा धर्मोपदेशक, ऑक्सफर्डचा विद्वान. व्रते, उपास, नियम यांत कसूर न करणाऱ्या या माणसाच्या मनाला शांती नव्हती. 24 मे 1738 रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका छोट्या सभेत रोमकरांस पत्रावरील ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात असताना आपल्याला क्षमा मिळाली आहे अशी खात्री त्याला वाटली. पुढच्याच वर्षी ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडच्या कोळसाखाणींच्या भागात त्याचा सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड याने उघड्या मैदानावर प्रवचने सुरू केली, आणि एप्रिलपासून वेस्लीही मैदानात उतरला. खाणकामगारांच्या काजळलेल्या गालांवरून अश्रूंच्या पांढऱ्या रेघा उतरत, असे वर्णन व्हाइटफील्डने करून ठेवले आहे. ज्या माणसांकडे चर्च ढुंकून पाहत नव्हते, त्यांना प्रथमच कोणी सांगत होते की, देवाला तुमची गरज आहे.

पुढे याच दोघांत मतभेद झाला. देवाने कोण तरणार आणि कोण बुडणार हे आधीच ठरविले आहे, असे व्हाइटफील्ड मानी. वेस्लीने 1739 सालीच या मताविरुद्ध प्रवचन केले. कृपा सर्वांसाठी आहे, आणि ती कोणाचीही राखीव मालमत्ता नाही, असे त्याचे म्हणणे. वाद धर्मशास्त्राचा खरा. परंतु जमीनदार आणि मजूर एकाच दयेवर जगतात हे ज्याने मनापासून मानले, तो जमीनदारापुढे पूर्वीइतका वाकत नाही.

नुसत्या प्रवचनाने मात्र माणूस घडत नाही. त्यासाठी लागते ती बैठक, आणि तिचा उगम मोठा मजेदार आहे. 1742 साली ब्रिस्टलच्या प्रार्थनाघरावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले. गरिबांनी ती कोठून आणावी, असा प्रश्न निघाला, तेव्हा एक गृहस्थ म्हणाला की, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमले नाही तर त्यांची भर मी घालीन. अशा रीतीने बारा-बारांचे गट पडले. वर्गणी गोळा करीत घरोघर फिरणाऱ्या गटप्रमुखाला कोणाच्या घरी काय चालले आहे तेही दिसू लागले. पुढे घरोघर फिरण्याऐवजी सर्वांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे असे ठरले. हीच वर्गसभा. तेथे गटप्रमुख विचारी, हा आठवडा तुझा कसा गेला? कोठे घसरलास, कोठे सावरलास? मग ज्याला जे सुचेल ते तो शास्त्रवचनाच्या आधाराने बोले.

संघटनेत काम केलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. ठराविक वर्गणी, तिची वही, लहान गट, जबाबदार प्रमुख, आणि सर्वांदेखत उभे राहून चार वाक्ये बोलण्याची सवय. विणकर, खाणकामगार, शेतमजूर वाचायला शिकले ते बायबल वाचता यावे म्हणून, आणि त्यांच्यातलेच काही रविवारी मैलोगणती चालत जाऊन गावोगाव प्रवचन करू लागले. ज्याने शंभर माणसांसमोर पौलाचे पत्र उलगडून सांगितले आहे, त्याला मालकासमोर मागणी मांडताना धाप लागत नाही. डरहॅम आणि नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांची युनियन 1831 साली उभारणारा टॉमी हेपबर्न असाच प्रवचनकार होता. खाणीत राबणाऱ्या मुलांचा दिवस बारा तासांवर आणण्यात त्या युनियनला यश आले, आणि पुढच्याच वर्षी मालकांनी ती मोडली. लहान गट आणि आठवड्याची पेनी ही रीत नंतर चार्टिस्ट चळवळीनेही उचलली.

आता डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्याची गोष्ट. येथे मेथॉडिस्टांचे 1818 साली बांधलेले छोटेसे प्रार्थनाघर होते. जॉर्ज लव्हलेस हा तेथला शेतमजूर, नांगरधारी, आणि रविवारचा प्रवचनकार. पोटाला चिमटा घेऊन त्याने धर्मग्रंथांचा लहानसा संग्रह जमविला होता. आसपासच्या भागात मजुरी आठवड्याला दहा शिलिंग असताना येथल्या मालकांनी ती नवावर, मग आठावर, मग सातावर आणली, आणि सहाची भाषा सुरू केली. 1833 च्या ऑक्टोबरात मजुरांनी आपली मंडळी स्थापन केली. मंडळीत येणाऱ्याला शपथ दिली जाई. युनियन करणे 1824 पासून गुन्हा राहिला नव्हता. म्हणून सरकारने 1797 साली आरमारातील बंडानंतर केलेला बेकायदा शपथांचा कायदा उकरून काढला. 24 फेब्रुवारी 1834 रोजी सहा जणांना पकडण्यात आले. जॉर्ज, त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा टॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन ही त्यांची नावे. बहुतेक जण मेथॉडिस्ट होते.

तुरुंगात जॉर्जला सांगण्यात आले की, युनियनमध्ये कोण कोण आहेत ते सांग आणि पुन्हा तिच्या वाटेला जाणार नाही असे वचन दे, म्हणजे बायकापोरांकडे परत जाशील. सोबत्यांना दगा देण्यापेक्षा कोणतीही शिक्षा भोगीन, असे त्याने उत्तर दिले. एक धर्मोपदेशक येऊन समजावू लागला की, मालकापेक्षा मजुराचे बरे चालले आहे. जॉर्ज म्हणाला, नुसत्या सशांच्या शिकारीसाठी इतके घोडे पोसलेले पाहतो, तेव्हा हे पटणे अवघड जाते. न्यायालयात त्याने लेखी निवेदन दिले. आम्ही कोणाच्या अब्रूला, अंगाला वा मालमत्तेला धक्का लावलेला नाही. स्वतःला आणि बायकामुलांना उपासमारीतून वाचविण्यासाठी एकत्र आलो, असा त्याचा आशय. शिक्षा झाली ती सात वर्षे काळ्या पाण्याची! जॉर्जला टास्मानियात आणि इतरांना न्यू साउथ वेल्समध्ये धाडण्यात आले.

यानंतर इंग्लंडभर गहजब झाला. 21 एप्रिल 1834 रोजी लंडनच्या कोपनहेगन फील्ड्सवर कामगारांचा प्रचंड मेळावा भरला. 1836 च्या मार्चमध्ये सरकारला पूर्ण माफी द्यावी लागली, आणि जॉर्ज 1837 साली परतला. पाहा, येथेही तोच शब्द. कागदोपत्री ती राजाची कृपा होती. वास्तविक ते थकलेले देणे होते, आणि तेही वसूल करावे लागले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. देव सर्वांवर कृपा करतो हे मजुराला सांगितले म्हणजे तो सात शिलिंगांत समाधान मानील, असे हिशेब करणारेही होते. वेस्ली स्वतः राजनिष्ठ होता. टॉलपडलच्या सहा जणांची पाठराखण त्यांच्या पंथाच्या वरिष्ठांनी केली नाही. एली अलेव्ही या फ्रेंच इतिहासकाराने तर असे प्रतिपादन केले की, मेथॉडिस्ट पंथामुळेच इंग्लंडातील क्रांती टळली. ई. पी. टॉमसन याने 1963 सालच्या आपल्या ग्रंथात या पंथाने मजुराला कारखान्याच्या शिस्तीत कसे जुंपले, त्याच्या मनाची कशी ओढाताण केली, हे कठोरपणे दाखविले आहे. मी स्वतः टॉमसनच्या पंक्तीला बसणारा माणूस आहे. तरीही टॉलपडलचे सहा जण त्या विवेचनात मावत नाहीत असे मला वाटते. एकच ग्रंथ वरिष्ठ वाचत होते आणि हे शेतमजूरही वाचत होते. वरिष्ठांनी कृपा आणि मजुरी ही दोन खाती एकत्र केली. देव देतो तसे धनीही देतो, दोघांचे आभार माना, असे शिकविले. मजुरांनी ती वेगळी ठेवली. देवाची कृपा फुकट मिळालेली असल्यामुळे दुसऱ्या कोणाच्या कृपेसाठी हात पसरण्याचे त्यांना कारण उरले नाही. मालकाकडे त्यांनी मागितले ते आपले देणे.

हा भेद परक्या देशातला वाटत असेल, तर मुंबईच्या गिरण्यांकडे पाहावे. 1917 साली महागाईपोटी गिरणीमालकांनी युद्धबोनस सुरू केला. 1923 साली तो बंद केला आणि 1924 च्या आरंभी संप पेटला. चौकशी समितीने निर्णय दिला की, कामगारांचा या रकमेवर हक्क नाही. म्हणजे ती मालकांची मेहेरबानी ठरली. मेहेरबानीचे ऋण व्हायला 1965 चा बोनसचा कायदा यावा लागला. मधली चाळीस वर्षे हजारो माणसांच्या संपांची आणि उपासांची आहेत.

टॉलपडलच्या सहांपैकी पाच जण पुढे कॅनडात जाऊन स्थायिक झाले. जॉर्ज लव्हलेस तेथेच 1874 साली वारला. जेम्स हॅमेट मात्र गावीच राहिला, आणि 1891 साली डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात त्याचा अंत झाला. ज्याच्या नावाने आज टॉलपडलमध्ये दरवर्षी कामगारांचा उत्सव भरतो, त्याला म्हातारपणी धर्मादाय अन्नावर दिवस काढावे लागले. श्रद्धा कोणती असावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण जिला देवापुढे गुडघे टेकावयाचे आहेत तिने टेकावेत, ज्याला नामस्मरण करावयाचे आहे त्याने करावे. पगाराच्या खिडकीपाशी मात्र ताठ उभे राहून आपला आकडा नीट मोजून घ्यावा. तेथे कोणी कृपा करीत नसतो.