शिकाऊ उमेदवारी : फायलीतला करार आणि हातातला करार

कारंजा (घाडगे) - नागपूरहून अमरावतीकडे निघालेला महामार्ग बाजारगाव, कोंढाळी मागे टाकून वर्धा जिल्ह्यात शिरला, की लागणारे मोठे गाव म्हणजे कारंजा. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाशी घोटाळा होऊ नये म्हणून याच्या नावापुढे 'घाडगे' लावण्याचा प्रघात आहे. जिल्ह्यातील आठ तालुक्यांपैकी एकाचे हे मुख्यालय असून येथे नगरपंचायत आहे. आसपास संत्र्याच्या बागा, कपाशी आणि सोयाबीन. तालुका तेथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था या राज्याच्या धोरणानुसार येथेही 'आयटीआय' आहे. मोठे कारखाने मात्र नागपूरच्या बाजूला, बुटीबोरीत किंवा वर्ध्याजवळ. साहजिकच, वीजतंत्री किंवा जोडारी शिकलेल्या मुलापुढे निकालानंतर पहिला प्रश्न उभा राहतो तो शिकाऊ उमेदवारी कोठे मिळणार आणि ती मिळाली तर परवडणार का, हा.

उद्योग आणि महाविद्यालये यांच्यातील 'सामंजस्य करार' आता नवलाईचे राहिलेले नाहीत. 'नॅक'च्या मूल्यांकनात अशा सहकार्याला गुण असल्याने महाविद्यालयांच्या फायलींत ते मुबलक सापडतात. परंतु प्राचार्य आणि कंपनीचा अधिकारी यांनी छायाचित्रकारासमोर स्वाक्षरी केलेला करार वेगळा आणि विद्यार्थ्याच्या नावाने शासनाच्या पोर्टलवर नोंदला जाणारा शिकाऊ उमेदवारीचा करार वेगळा. पहिल्याने विद्यार्थ्याला कायद्याने काहीही मिळत नाही. दुसऱ्याने विद्यावेतन, प्रशिक्षणाचा ठरलेला आराखडा, अपघाताची भरपाई आणि अखेरीस प्रमाणपत्र मिळते. हा फरक विद्यार्थ्यांनाच नव्हे, तर अनेक पालकांनाही प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

वर्ध्याची जुनी ओळख

काम करता करता शिकण्याचा विचार वर्धा जिल्ह्याला परका नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली होती. हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण द्यावे आणि मुलांच्या उत्पादक श्रमातून शाळेचा खर्च जमेल तितका भागावा, ही तेथे मांडलेली कल्पना. तिचा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केला. ती 'वर्धा योजना' आणि पुढे 'नई तालीम' या नावाने देशभर ओळखली गेली. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालिमी संघाचे काम सेवाग्रामातून चालले.

शाळा स्वावलंबी करण्याच्या मुद्द्यावर त्या वेळीही हरकत घेण्यात आली होती. मुलाच्या हातच्या वस्तूवर शाळा चालणार असेल, तर शिकवण्यापेक्षा उत्पादनाकडे लक्ष जाईल आणि शाळेचा कारखाना होईल, अशी भीती होती. आठ दशकांनंतर कारखान्यातील शिकाऊ मुलाबाबत हीच शंका उलट बाजूने विचारावी लागते : कारखान्याची शाळा झाली, की केवळ स्वस्त मजूर मिळाला?

कायदा काय म्हणतो?

या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ मध्ये आहे. तो १ मार्च १९६२ पासून अमलात आला. सुरुवातीला तो कारागिरीच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवी व पदविकाधारक, १९८६ च्या दुरुस्तीने 'प्लस टू' स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आणि २०१४ च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य, विज्ञान अशा बिगरअभियांत्रिकी शाखांचे पदवीधरही त्याच्या कक्षेत आले. तालुक्याच्या महाविद्यालयांच्या दृष्टीने २०१४ ची दुरुस्ती सर्वांत महत्त्वाची. कारण तेथे अभियांत्रिकीपेक्षा बी.ए., बी.कॉम.चे वर्गच अधिक भरलेले असतात.

२०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के असावी लागते. चार ते २९ कर्मचारी असतील, तर ते ऐच्छिक आहे. जागा न भरल्यास प्रत्येक रिक्त जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि त्यानंतर दरमहा १,००० रुपये दंडाची तरतूद २०१४ च्या दुरुस्तीत झाली. त्यापूर्वी असलेली कैदेची शिक्षा याच दुरुस्तीने काढून टाकली. किमान विद्यावेतन सात हजार आणि दंड हजार, हा हिशेब करणाऱ्या मालकाला कायद्याचा धाक किती वाटेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

दहावी उत्तीर्ण उमेदवाराला दरमहा किमान सहा हजार, बारावी किंवा आयटीआय उत्तीर्णाला सात हजार, पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला नऊ हजार रुपये, असे विद्यावेतनाचे दर २०१९ च्या नियमांत ठरले. दुसऱ्या वर्षी दहा टक्के आणि तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढ द्यायची असते. हे दर ३६ टक्क्यांनी वाढवावेत, अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ परिषदेने मे २०२५ मधील बैठकीत केली.

सर्व बोजा मालकावर पडू नये म्हणून केंद्र सरकार वाटा उचलते. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत ('नॅप्स') विद्यावेतनाच्या २५ टक्के, परंतु कमाल १,५०० रुपये सरकार देते. ही रक्कम २०२३ पासून थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागली. पदवी व पदविकाधारकांसाठी 'नॅट्स' ही वेगळी योजना असून तीत किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्राचा असतो. महाराष्ट्रापुरते तिचे काम मुंबईच्या पश्चिम विभागीय शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडे आहे. आयटीआयच्या विद्यार्थ्याने 'नॅप्स'च्या आणि पदवीधराने 'नॅट्स'च्या पोर्टलवर नोंदणी करायची, एवढे लक्षात ठेवले तरी बरीच पायपीट वाचते.

पाऊणशे किलोमीटरचा प्रश्न

किमान विद्यावेतनाचा दर मुंबईत आणि कारंजात एकच आहे. नागपुरात राहणारा मुलगा घरचा डबा घेऊन कारखान्यात जातो, तेव्हा सात हजार रुपये त्याच्या हाती उरतात. कारंजाचा मुलगा सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील त्याच शहरात खोली घेतो, खानावळ लावतो, तेव्हा त्याच्या हाती काय उरते, याचा विचार योजनेत नाही. मुलींच्या बाबतीत निवास आणि रात्रपाळी हे आणखी दोन अडथळे. महाविद्यालय आणि उद्योग यांच्या करारात खरे तर पहिले कलम निवासाचे किंवा वाहनाचे हवे. बहुतेक करारांत 'परस्पर सहकार्य' आणि 'ज्ञानाची देवाणघेवाण' यांनाच अधिक जागा मिळते.

जर्मनीच्या ज्या 'दुहेरी' पद्धतीचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो, तेथे १९६९ च्या कायद्यानुसार उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो. परीक्षा स्थानिक उद्योग व व्यापार मंडळ घेते. भारतातही २०१६ मध्ये आयटीआयसाठी दुहेरी प्रशिक्षण पद्धती आली. परंतु ती चालण्यासाठी कंपनी आणि संस्था एकमेकांजवळ हव्यात, आणि कारंजासारख्या गावात नेमके तेच नाही.

त्यामुळे जवळचे पर्याय आधी पाहिलेले बरे. एस. टी. महामंडळ आपल्या आगारांत आणि विभागीय कार्यशाळांत मोटार मेकॅनिक, वीजतंत्री आदी व्यवसायांचे शिकाऊ घेते. वर्धा विभागातील तळेगाव आणि आर्वी ही आगारे कारंजाच्या मुलांना जवळची. महावितरणही वीजतंत्री व तारतंत्री यांना शिकाऊ म्हणून घेते.

कारंजात राज्य कृषी पणन मंडळाने संत्र्याची प्रतवारी व मेणलेपन करणारे केंद्र उभारले आहे. संत्र्याचे काम हंगामी. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. कायद्यातील 'ऐच्छिक व्यवसाय' या सोयीनुसार उद्योगाला सहा महिने ते तीन वर्षे मुदतीचा अभ्यासक्रम स्वतः आखता येतो. प्रतवारी, शीतगृह, वाहतूक आणि हिशेब यांचा सहा-आठ महिन्यांचा अभ्यासक्रम दोन्ही बहारांना धरून स्थानिक महाविद्यालयाने आखला, तर विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांना गाव सोडावे लागणार नाही. मार्गदर्शनासाठी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच महामार्गावर, नागपूरच्या वेशीवर आहे. लहान आस्थापनांना एकेकट्याने कागदपत्रे सांभाळणे जड जाते. त्यांच्या वतीने हे काम पाहणारा मध्यस्थ नेमण्यास कायद्याने वाव ठेवला आहे.

शिकाऊ, आंतरवासी की प्रशिक्षणार्थी?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षणाला ('ओजेटी') चार श्रेयांक आहेत. ही आंतरवासिता झाली. तिच्यासाठी विद्यावेतन देण्याचे कायदेशीर बंधन नाही. याउलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालणाऱ्या 'शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत पदवी' अभ्यासक्रमात तीन वर्षांच्या पदवीतील किमान एक आणि कमाल तीन सत्रे उद्योगात घालवायची असतात. तेथे विद्यावेतन मिळते. दोहोंची नावे माहितीपुस्तकात शेजारी शेजारी छापली, की पालकांचा गोंधळ होतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही तिसरीच गोष्ट. तीत शिक्षणानुसार सहा, आठ व दहा हजार रुपये ठरले. मुदत सहा महिन्यांची होती, ती २०२५ मध्ये अकरा महिने करण्यात आली. मात्र शिकाऊ उमेदवारी पूर्ण केल्यावर परीक्षेअंती मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र या योजनेतून मिळत नाही.

सुरक्षिततेचे कलम

नागपूर-अमरावती मार्गावर स्फोटके बनविणारे कारखाने आहेत. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळील कारखान्यातील स्फोटात नऊ जणांचा मृत्यू झाला. १३ जून २०२४ रोजी धामणा येथील स्फोटात बळी गेलेल्यांत आसपासच्या गावांतील तरुण मुली होत्या. अशा ठिकाणी मुलगा कोणत्या नात्याने आत जातो, हे कागदावर स्पष्ट असणे हा जिवाचा प्रश्न आहे.

कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा 'कामगार' नव्हे, तर प्रशिक्षणार्थी. म्हणून सर्वसाधारण कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. परंतु आरोग्य, सुरक्षितता व कल्याणाच्या तरतुदी त्याला कारखान्यातील इतरांप्रमाणेच लागू होतात. प्रशिक्षणादरम्यान अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची असते. शिकाऊ उमेदवाराचे किमान वय १४ वर्षे असले, तरी धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांत ते १८ आहे. उमेदवार अज्ञान असेल, तर करारावर पालकाची स्वाक्षरी लागते. ही स्वाक्षरी करताना व्यवसायाचे नाव, मुदत, विद्यावेतन आणि नोंदणी क्रमांक पाहावा. पुढे तक्रार करण्याची वेळ आली, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागार प्रथम तोच क्रमांक विचारतो.

आधीच नोकरीत असलेल्यांचे काय?

उद्योग-महाविद्यालय सहकार्याची ही बाजू आपल्याकडे लंगडी आहे. २००७-०८ मध्ये केंद्राने देशातील १,३९६ शासकीय आयटीआय सार्वजनिक-खासगी भागीदारीतून सुधारण्याचे ठरवले. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले आणि समितीच्या अध्यक्षपदी उद्योजक बसविला. यंत्रे आली, इमारती रंगल्या. मात्र कारखान्यातील जुन्या कामगारांना संध्याकाळी नवे तंत्र शिकविणारे वर्ग मोजकेच राहिले. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ६० हजार कोटींच्या नव्या योजनेत एक हजार आयटीआय घेतले जाणार असून २०० केंद्रसंस्था आणि त्यांना जोडलेल्या ८०० संस्था अशी तिची रचना आहे.

प्रशिक्षणानंतर नोकरी?

प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. त्याने भरतीचे स्वतःचे धोरण ठरवायचे, एवढेच कायदा सांगतो. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निकाल मात्र उमेदवारांनी जवळ ठेवावा असा आहे. इतर बाबी समान असतील, तर थेट उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावे आणि त्याच्याकडून सेवायोजन कार्यालयाच्या शिफारशीची अपेक्षा करू नये, असे न्यायालयाने म्हटले होते. वयाच्या अटीबाबतही सवलतीचा विचार त्यात आहे. रेल्वेने आपल्या आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या स्तरावरील भरतीत २० टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. खासगी कारखान्यांत असा कोटा नाही. त्यामुळे एखाद्या कंपनीशी केलेल्या कराराची जाहिरात महाविद्यालय करीत असेल, तर मागील तुकडीतील किती मुलांचे करार पोर्टलवर नोंदले गेले, किती जणांनी प्रशिक्षण पूर्ण केले आणि त्यातील किती जण त्याच कंपनीत कामाला लागले, हे तीन आकडे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी लेखी मागता येतात.