डहाणूत बाग कुठे आहे?

इयरफोन लावून लोकलमध्ये उभे असाल तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. कारण आज आपण वेस्टर्न लाइनच्या अगदी शेवटच्या स्टेशनवर उतरणार आहोत. डहाणू रोड!

मी मूळचा डहाणूचा. बीटेक केलं आणि नोकरीसाठी पुण्याला गेलो. गेल्या दिवाळीत ऑफिसमधला एक मित्र माझ्यासोबत घरी आला, त्याची लॅब्रेडॉर कुत्री घेऊन. सकाळी उठल्या उठल्या त्याने मोबाईलवर डॉग पार्क शोधायला सुरुवात केली. काहीच सापडेना. "अरे, तुमच्या गावात एक साधं गार्डन नाही?" आजी चहा गाळत होती. ती म्हणाली, "बाग कशाला हवी रे? समुद्राला काय कुंपण आहे?"

मग आम्ही पारनाक्याला गेलो. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, मागे सुरूची झाडं आणि समोर नुसती ओली वाळू. कुत्री अशी सुटली की मित्र बघतच राहिला. पुढे नरपड, चिखले, घोलवड करत चिकूच्या वाड्यांमधून बोर्डीपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी अस्वली धरणाच्या बाजूने बारडा डोंगर चढलो. वर बहरोटच्या गुहा आहेत. संजाणवर स्वारी झाली तेव्हा पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी इथे आणून लपवला होता, अशी त्यांची परंपरा सांगते. तिकीट नाही, गेट नाही.

पण आजीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कुंपण नाही हे खरं. पण का नाही? मुंबईपासून दोन-तीन तासांवर, रेल्वे आणि हायवे दोन्ही हाताशी. अशा जागी एव्हाना केमिकलचे कारखाने रांगेने उभे राहायला हवे होते. तारापूर बघा, वापी बघा. डहाणू या दोघांच्या मधोमध आहे.

याचं उत्तर एका सरकारी कागदात आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी डहाणूत ५०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प मंजूर झाला. स्थानिक लोक कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. प्रकल्प झालाच. पण त्याच वर्षी, २० जून १९९१ला, केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना बंदी, बाकीच्या उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात मिळून जास्तीत जास्त ५०० एकर, आणि भोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा.

आता कागद निघाला म्हणजे काम झालं असं नसतं. कोड लिहिला आणि रन कोणी करेना, तर काय उपयोग? नर्गिस इराणींसारखे चिकूच्या बागा असलेले डहाणूकर आणि पत्रकार-संपादक बिट्टू सहगल यांनी पाठपुरावा सोडला नाही. ३१ ऑक्टोबर १९९६ला सुप्रीम कोर्टाने अधिसूचना अंमलात आणायला सांगितली, आणि त्या डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं. वीज प्रकल्पाला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला १९९९ मध्ये सांगितलं. ती सुरू व्हायला २००७ उजाडलं, पण बसली!

म्हणजे आमची कुत्री ज्या वाळूवर धावली, ती एका फाइलने मोकळी ठेवली होती.

इथे भाग संपवला असता. पण मित्राला तलासरीला घेऊन गेलो आणि गोष्ट आणखी मागे गेली. तलासरी तालुक्यात झरी नावाचं गाव आहे. मे १९४५ मध्ये तिथे हजारो वारली जमले. सोबत किसान सभेच्या गोदावरी परुळेकर. त्या काळात जमीन सावकार-जमीनदारांची आणि जंगलावर ठेकेदारांचा ताबा. वारली माणूस त्याच रानात राहायचा, पण वेठीवर. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही मालकाचे गडी. झरीच्या सभेत ठरलं, वेठ करायची नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी मारले गेले.

हे वाचल्यावर 'नेचर ट्रेल' हा शब्द मला जरा जपून वापरावासा वाटतो. आपण ज्या पायवाटेने शनिवार-रविवारी हौसेने चालतो, तिच्यावरून कोणाची तरी आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन मालकाच्या दारी जात होती. मोकळी जागा नुसती असून भागत नाही. तिथे मोकळेपणाने चालता यायला लागतं. तलासरीच्या लोकांनी ते १९४५ मध्ये मिळवलं, डहाणूच्या लोकांनी १९९६ मध्ये राखलं.

आता कडू भाग. माझे शाळेतले मित्र म्हणतात, "तुला काय जातंय बोलायला? तू पुण्यात पगार घेतोस. इथे कारखाने नाहीत म्हणून आम्ही रोज पहाटेच्या लोकलला लटकतो." त्यांचं चुकीचं नाही. मी स्वतः तेवढ्याचसाठी गाव सोडलं. आणि काळही बदललाय. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. ज्या प्राधिकरणाने बंदर नाकारलं होतं, त्यानेच ३१ जुलै २०२३ला वाढवणला अटींसह परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ला पंतप्रधानांनी पालघरमध्ये भूमिपूजन केलं. रोजगार येईल असं सरकार म्हणतं. मासेमारी जाईल असं किनाऱ्यावरचे मच्छीमार म्हणतात, आणि ते अजून विरोधात उभे आहेत.

माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. पण इतिहासातून एक गोष्ट कळते. डहाणूत नियम कधीच आपोआप टिकला नाही. माणसं त्याच्या मागे लागली तेव्हा टिकला.

तर मंडळी, डहाणूला जरूर या. कुत्रा आणलात तर पक्षी उतरलेले असतील तिथे पट्टा हातात ठेवा. किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं तर सेल्फी नको, वनविभागाला कळवा. गावात उपचार केंद्र आहे. वारली पाड्यात न विचारता फोटो काढू नका, ते लोकांचं घर आहे.

आणि हो, मित्राने जाताना आजीला विचारलं, "आजी, पुढच्या वर्षी पण कुंपण नसेल ना?" आजी म्हणाली, "ते तुम्ही पोरं बघा."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!